‘आतलं सगळं साफ केलंय’ म्हणजे नेमकं काय केलंय? महाराष्ट्रातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना खुले पत्र

महाराष्ट्रातल्या सर्व स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांना,

स. न. वि. वि.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. स्त्रीच्या प्रजननसंस्थेची आकृती मी गेली २६ वर्षं फळ्यावर काढत आले आहे. मधोमध गर्भाशय, दोन्ही बाजूंना अंडनलिका, त्यांच्या टोकाशी दोन अंडाशय. मुली माना खाली घालून आकृती उतरवून घेतात, मुलगे खिडकीबाहेर बघत बसतात. डोळे मिटूनही ती आकृती मला काढता येईल. आणि तरी माझ्या स्वतःच्या पोटातून दोन्ही अंडाशय काढून टाकलेत, हे मला साडेतीन वर्षं माहीत नव्हतं.

डिसेंबर २०१४ मध्ये माझी ‘पिशवी काढली’. तेव्हा मी ४४ वर्षांची होते. त्याआधीची दोन वर्षं पाळीत फार अंगावरून जायचं. लागोपाठ दोन तास उभं राहून शिकवणं अवघड व्हायचं. खुर्चीला डाग लागेल या धास्तीने मी गडद रंगाच्याच साड्या नेसायचे. हिमोग्लोबिन ८.२ वर आलं होतं. सोनोग्राफीत गर्भाशयात तीन सेंटिमीटरची एक गाठ दिसली. डॉक्टरांनी रिपोर्ट उजेडाकडे धरून पाहिला आणि म्हणाले, “पिशवीला सूज आहे, गाठ आहे. दोन मुलं झाली ना मॅडम? मग आता पिशवीचं काम काय? ठेवली तर पुढे कॅन्सरची भीती. काढून टाकू, सुटाल.”

मी हो म्हणाले. जबरदस्ती कुणी केली नाही. रोजच्या त्या त्रासाला मी इतकी कंटाळले होते की ‘सुटाल’ हा एकच शब्द माझ्या कानांनी धरून ठेवला. पण मी ज्याला हो म्हटलं ते वेगळं होतं आणि टेबलावर झालं ते वेगळं.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी हाताला सलाइन लावलेलं असताना सिस्टर कागद घेऊन आल्या. कागद इंग्रजीत होता, मधल्या रिकाम्या जागा नंतर भरायच्या होत्या. त्यांनी घडी घालून फक्त सहीची जागा वर ठेवली होती. “इथे, इथे आणि इथे.” मी तीन सह्या केल्या. मग तोच कागद बाहेर नेऊन यजमानांची सही घेतली. पदवीधर बाई आहे मी, इंग्रजी वाचता येतं. पण त्या क्षणी चष्मा पिशवीत होता, पोटात भूक होती, छातीत धडधड होती, आणि वाचायला मागितलं तर डॉक्टरांवर अविश्वास दाखवल्यासारखं होईल असं वाटलं. मला वाटतं, तुमच्याकडे सही करणाऱ्या बहुतेक बायकांना हेच वाटत असतं.

ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी काढलेला भाग ट्रेमध्ये घालून बाहेर आणला. यजमानांना, दिरांना आणि माझ्या भावाला दाखवला. “आतलं सगळं साफ केलंय, आता काळजी नाही,” असं सांगितलं. ही दाखवायची पद्धत आपल्याकडे गावोगाव आहे, तुम्हाला ठाऊकच आहे. नातेवाइकांची खात्री पटावी म्हणून करतात. माझ्या शरीराचा तो भाग घरातल्या तीन पुरुषांनी पाहिला. मी पाहिला नाही, त्याबद्दल मला कुणी काही सांगितलंही नाही. पुढे मी यजमानांना विचारलं, “ट्रेमध्ये काय काय होतं?” ते म्हणाले, “मला काय कळणार? मी ‘बरं’ म्हणालो.” त्यांचा मला राग नाही. त्यांना जे सांगितलं तेच त्यांनी मला सांगितलं: सगळं साफ केलंय.

त्या ‘साफ’मध्ये माझे दोन निरोगी अंडाशय गेले.

तिसऱ्या रात्री दवाखान्यातच पहिली गरम वाफ आली. छातीतून निघाली, मानेवरून डोक्यापर्यंत चढली, गाऊन घामाने चिंब झाला आणि मग थंडी वाजायला लागली. डिसेंबर महिना होता. सिस्टर म्हणाल्या, “अशक्तपणा असतो, पंखा लावते.” पुढचे कित्येक महिने मी रात्रीतून चार-चार वेळा उठून बसायचे. दिवसा वर्गात शिकवताना साधं सूत्र आठवेनासं व्हायचं. वीस वर्षं तोंडपाठ असलेलं सूत्र, आणि फळ्यासमोर खडू धरून मी नुसती उभी. घरी लेकीवर ओरडायचे, मग न्हाणीघरात जाऊन रडायचे. आणि जे कधी कुणापाशी बोलले नाही तेही इथे लिहिते, कारण मी लिहिलं नाही तर दुसरी कोण लिहिणार? योनीमार्ग इतका कोरडा पडला की नवऱ्याजवळ जाणं म्हणजे नुसत्या वेदना. मी टाळायला लागले. त्यांना वाटलं, मला ते नकोसे झालेत. एका घरात राहून आम्ही दोघं परक्यासारखे झालो, आणि त्याला औषध असतं, साधं मलम असतं, हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

तपासणीला गेले तेव्हा डॉक्टर म्हणाले, “वय झालं की असं होतंच मॅडम. योगा करा, कॅल्शियम घ्या.” चव्वेचाळिसाव्या वर्षी माझं वय झालं होतं! आपल्याकडे पाळी जाण्याचं सरासरी वय ४६-४७ च्या आसपास आहे, आणि ज्यांची पाळी आपली आपण जाते त्यांचं शरीर काही वर्षं हळूहळू तयार होत असतं. अंडाशयांतून मिळणारं माझं इस्ट्रोजेन हे हार्मोन एका सकाळी, भुलीखाली असताना थांबलं. या दोन गोष्टी एक नाहीत, हे डॉक्टरांना माहीत होतं. मला माहीत नव्हतं, कारण मी समजत होते की माझी फक्त पिशवी गेली आहे.

जून २०१८ मध्ये शाळेच्या ओल्या पायरीवरून पाय घसरला आणि मनगट मोडलं. हाताच्या साध्या टेकण्याने हाड कसं मोडलं म्हणून पुण्याच्या हाडांच्या डॉक्टरांनी घनतेची तपासणी करायला सांगितली. टी-स्कोअर उणे २.७ आला. उणे अडीच किंवा त्याहून खाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडांची ठिसूळता, म्हणतात. ४८ वर्षांच्या बाईला हे का व्हावं म्हणून त्यांनी जुने कागद मागितले. कपाटावरच्या कॅरीबॅगेतून मी डिस्चार्ज कार्ड काढून दिलं. ते वाचता वाचता त्यांनी सहज विचारलं, “ओव्हरीज का काढल्या होत्या?”

मी म्हणाले, “नाही, माझी पिशवीच काढली आहे फक्त.”

त्यांनी कार्ड माझ्याकडे फिरवून बोट ठेवलं. ‘टीएएच विथ बीएसओ’. एका ओळीत दोन लघुरूपं. पहिल्याचा अर्थ पोट उघडून गर्भाशय काढलं, दुसऱ्याचा अर्थ दोन्ही बाजूंच्या नलिका आणि अंडाशय काढले. सोबत पॅथॉलॉजीचा रिपोर्ट पिनने टाचलेला होता. त्यात दोन्ही अंडाशयांपुढे लिहिलं होतं: कोणताही दोष आढळला नाही.

त्या कार्डाची मी तीन वेळा झेरॉक्स काढली होती, विम्यासाठी आणि शाळेच्या रजेसाठी. प्रत्येक वेळी ती ओळ माझ्या डोळ्यांखालून गेली असणार.

पुढच्याच आठवड्यात मी त्या दवाखान्यात गेले आणि माझा संमतीचा कागद मागितला. त्यावर नेमकं काय लिहिलं होतं, अंडाशयांचा उल्लेख माझ्या सहीच्या आधी होता की नंतर भरला, एवढंच मला बघायचं होतं. सांगितलं गेलं की तीन वर्षांहून जुन्या फायली ठेवत नाहीत. हे नियमाला धरूनच होतं. २००२ च्या व्यावसायिक आचारनियमांप्रमाणे डॉक्टरांनी नोंदी तीन वर्षं जपायच्या असतात, आणि रुग्णाने मागितल्या तर ७२ तासांत द्यायच्या असतात. पण हाडं काही तीन वर्षांत हिशेब देत नाहीत. बाईला काय झालं ते कळेपर्यंत कागद रद्दीत गेलेला असतो.

डॉक्टरहो, मी या पत्रात ‘पिशवी’ या शब्दाबद्दल तुमच्याशी बोलायला आले आहे.

हा शब्द तुम्ही आमच्या सोयीसाठी वापरता हे मला कळतं. ‘गर्भाशय’ म्हटलं तर बाई बिचकते, ‘पिशवी’ म्हटलं की तिला समजतं. पण नेमकं काय समजतं, हे कधी विचारून पाहिलंत? पिशवी म्हणजे काहीतरी ठेवायची वस्तू. मूल ठेवायचं होतं, ठेवून झालं, आता रिकामी. रिकामी पिशवी फाटली तर आपण फेकून देतो. ‘दोन मुलं झाली ना, मग पिशवीचं काम काय?’ हा प्रश्न त्या शब्दातूनच आपोआप निघतो, आणि बाईपाशी त्याला उत्तर नसतं. शिवाय आमच्या बोलीत अंडाशयाला शब्दच नाही. माझ्या आईला तो माहीत नव्हता, सासूबाईंना नव्हता, शेजारच्या काकूंना नाही. तो शब्द फक्त माझ्या फळ्यावर होता. त्यामुळे ‘पिशवी’ म्हटलं की पोटातलं जे काही बायकांचं आहे ते सगळं एका शब्दात मावतं, आणि एका शब्दात निघूनही जातं. माझ्यासारख्या विज्ञानाच्या शिक्षिकेलासुद्धा तपासणीच्या खोलीत ‘पिशवी’च ऐकू आली आणि फळ्यावरची आकृती आठवली नाही. मग सातवीतून शाळा सुटलेल्या बाईने काय करायचं?

तुमची बाजू मला अगदीच दिसत नाही असं नाही. एका सकाळी ओपीडीत साठ-सत्तर बायका, बाहेर बाळंतपण अडलेलं, आत सोनोग्राफीची रांग. बाई स्वतःच म्हणते, “काढून टाका डॉक्टर एकदाची.” हेही खरं की पिशवी काढावीच लागते अशी कारणं आहेत. कॅन्सर असेल, अंग बाहेर आलं असेल, गाठी मोठ्या आणि दाबणाऱ्या असतील, सगळे उपाय करूनही रक्तस्राव थांबत नसेल, तर त्या ऑपरेशनने बायका खरोखर सुटतात. माझ्या मावशीला त्याने जीवदान मिळालं. काही जणींच्या बाबतीत अंडाशय काढणंही योग्य असतं. आई-बहिणीला अंडाशयाचा किंवा स्तनाचा कॅन्सर झालेला असेल आणि जनुकीय तपासणीत धोका दिसला असेल तर कुणीही शहाणी बाई तो निर्णय घेईल. पण निर्णय तिने घ्यायचा. माझ्या घराण्यात कुणाला कॅन्सर आहे का, हे मला ऑपरेशनआधी कुणी विचारलंही नव्हतं.

आणि दुसरे उपाय? ४५ च्या आसपास अंगावरून फार जात असेल तर आधी गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासतात, थायरॉइड बघतात, हे मी नंतर वाचलं. रक्तस्राव कमी करणाऱ्या ट्रॅनेक्झॅमिक अॅसिडच्या गोळ्या असतात, पाळीच्या दिवसांपुरत्या घ्यायच्या. तांबीसारखंच पण हार्मोन सोडणारं एक साधन असतं, ते बसवलं की पाच वर्षं रक्तस्राव खूप कमी होतो. आणि माझ्या बाबतीत सगळ्यात मोठा उपाय होता वाट बघण्याचा. तीन सेंटिमीटरची फायब्रॉइडची (गर्भाशयाच्या स्नायूची, कॅन्सर नसलेली) गाठ पाळी गेल्यावर बहुधा आपोआप आक्रसते, कारण ती इस्ट्रोजेनवर जगते. दोन-तीन वर्षांत माझी पाळी तशीही गेली असती. लोहाच्या गोळ्या, ते साधन आणि थोडी कळ, एवढ्यावर भागलं असतं की नाही हे मी आज सांगू शकत नाही. तपासून बघायची संधीच मिळाली नाही. कॅन्सरचं नाव काढल्यावर कोणती बाई म्हणेल की थांबू या?

हा प्रश्न न्यायालयात जाऊन आलेला आहे. १६ जानेवारी २००८ चा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल ‘समीरा कोहली’ खटला म्हणून ओळखला जातो. तो तुम्ही शिकताना वाचला असेल. १९९५ सालची गोष्ट. बाई ४४ वर्षांच्या, अविवाहित, रक्तस्राव थांबत नाही म्हणून दाखवायला गेलेल्या. दुर्बिणीतून तपासणी करण्यासाठी त्यांनी संमती दिली. त्या भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या त्यांच्या आईची सही घेतली गेली, आणि गर्भाशय, नलिका, अंडाशय सगळं काढलं गेलं. न्यायालयाने सांगितलं की तपासणीला दिलेली संमती ही अवयव काढायला दिलेली संमती होत नाही. बाई सज्ञान आहे, थोड्या वेळाने शुद्धीवर येणार आहे, जिवाला तातडीचा धोका नाही, तर आईची सही चालणार नाही. संमती खरी ठरायची तर उपचार काय आहे, त्याला पर्याय कोणते, मोठे धोके कोणते आणि उपचार नाकारला तर काय होईल, एवढं रुग्णाला समजलेलं असलं पाहिजे. डॉक्टरांचा हेतू वाईट नव्हता हेही न्यायालयाने मान्य केलं. त्यांची फी नाकारली आणि २५,००० रुपये भरपाई द्यायला सांगितली.

पंचवीस हजार. मी तो आकडा कितीदा तरी वाचला. आणि तरी त्या निकालातली एक गोष्ट माझ्यासाठी पैशांहून मोठी आहे: हेतू चांगला होता, ऑपरेशन व्यवस्थित झालं, तरी विचारलं नाही म्हणून ते चूक ठरलं. माझ्या डॉक्टरांचा हेतूही वाईट नव्हता असं मी धरून चालते. ‘पोट उघडलंच आहे तर पुढची कटकट नको,’ असंच त्यांना वाटलं असेल. पण ती कटकट माझी होती, डॉक्टर. ती ठेवायची की नाही हे मला ठरवू द्यायचं होतं.

इथे नवऱ्याच्या सहीबद्दल बोलायलाच हवं. २००२ चे जे आचारनियम आजही चालू आहेत (२०२३ च्या ऑगस्टमध्ये नवे आले आणि त्याच महिन्यात स्थगित झाले), त्यात लिहिलंय की ज्या ऑपरेशनने वंध्यत्व येऊ शकतं त्याला पती आणि पत्नी दोघांची संमती हवी. नियम तसा आहे, म्हणून तुम्ही सही घेता. पण व्यवहारात काय होतं? बोलणं नवऱ्याशी होतं, व्हरांड्यात, उभ्या उभ्या. बाईकडे फक्त कागद येतो. विधवा बाई आली तर मुलाला बोलावतात. शाळेतली एक सहकारी एकटी राहते, तिला विचारलं, “घरचं कुणी आलं नाही का? आम्ही कुणाशी बोलायचं?” ती समोर बसली होती. तिच्याशी बोलायचं होतं.

आमच्या शाळेमागच्या माळावर दरवर्षी ऊसतोडीच्या कोप्या पडतात. बीडकडून टोळ्या येतात, मुलं हंगामापुरती आमच्या शाळेत बसतात. एका मुलीची आई पालकसभेला आली होती, वय विचारलं तर तिसाच्या पुढेमागे. गप्पांत म्हणाली, “बाई, माझी पिशवी काढलीया. खाडा पडत न्हाय आता.” नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल आधीच घेतलेली, दिवस बुडाला की दंड. पाळीचे दिवस परवडत नाहीत. अंगावरून पांढरं जात होतं म्हणून ती दवाखान्यात गेली होती. कॅन्सर होईल म्हणाले, तर उचलीतून पैसे घेऊन ऑपरेशन केलं. तेवीस वर्षांची होती तेव्हा. मी तिला विचारलं, आणखी काही काढलंय का? ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्यापाशी कार्डसुद्धा नव्हतं.

२०१९ मध्ये बीडमधल्या या प्रश्नावर विधिमंडळात आवाज उठला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ऊसतोडीला जाणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. सहा जणींत एक. देशभराचं प्रमाण बघायचं तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटात ते तीन टक्क्यांच्या थोडं वर आहे, आणि त्यांतल्या साधारण दोन तृतीयांश शस्त्रक्रिया खासगी दवाखान्यांतल्या. देशभरात ज्या जणींचं ऑपरेशन झालं त्यांतल्या निम्म्यांचं तेव्हाचं वय ३५ च्या आत होतं. केंद्राने अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तीन महिन्यांत अमलात आणायला राज्यांना सांगितलं. जिल्ह्याजिल्ह्यांत देखरेख समित्या हव्यात असं त्यात आहे. त्या समित्यांवर तुमच्यातलेच लोक बसणार. तिथे बसाल तेव्हा किती पिशव्या काढल्या एवढंच मोजू नका. किती जणींचे अंडाशय काढले, का काढले, आणि त्या जणींना ते माहीत आहे का, हेही विचारा.

आता हार्मोनबद्दल. इथे मला फार राग आहे, म्हणून सावकाश लिहिते.

मनगट मोडल्यानंतर मी ज्या दोन स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटले, दोघांनीही एकच वाक्य सांगितलं: “हार्मोन नको, कॅन्सर होतो.” हे वाक्य कुठून आलं ते मी शोधलं. २००२ साली अमेरिकेतला एक मोठा अभ्यास मधेच थांबवला गेला. १६,६०८ स्त्रिया, वय ५० ते ७९, सरासरी वय ६३. त्यांना इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन ही दोन हार्मोन एकत्र दिली जात होती. स्तनाचा कॅन्सर वर्षाला दहा हजारांत ३० ऐवजी ३८ जणींना होत होता. ही वाढ खरी आहे, ती लपवू नये. पण त्याच अभ्यासाचा दुसरा भाग गर्भाशय काढलेल्या स्त्रियांचा होता. त्यांना फक्त इस्ट्रोजेन दिलं होतं, आणि त्यांच्यात स्तनाच्या कॅन्सरचं प्रमाण वाढलं नाही. तो भाग २००४ मध्ये थांबवला तो पक्षाघाताचा धोका दिसला म्हणून. म्हणजे ज्या भीतीने मला नाही म्हटलं गेलं, ती त्रेसष्ट वर्षांच्या, गर्भाशय असलेल्या, वेगळं औषध घेणाऱ्या बाईची भीती होती. चव्वेचाळिसाव्या वर्षी अंडाशय गेलेल्या बाईला, दुसरी काही अडचण नसेल तर, निदान पाळी जाण्याच्या नैसर्गिक वयापर्यंत इस्ट्रोजेन द्यावं, असंच जगभरच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. तिच्या हाडांसाठी आणि हृदयासाठी. माझी ती वर्षं निघून गेली होती. स्तनाचा कॅन्सर झालेल्या, रक्ताच्या गुठळ्या होणाऱ्या किंवा यकृताचा आजार असलेल्या बायकांना हे औषध चालत नाही, हेही मला आता माहीत आहे. मला दिलं असतं की नसतं, हा डॉक्टरांचा आणि माझा निर्णय झाला असता. एका वाक्यात दार लावून घ्यायचा हा विषय नव्हता.

योनीमार्गाच्या कोरडेपणासाठी इस्ट्रोजेनचं मलम तेवढ्याच जागी लावायचं असतं, रक्तात ते नगण्य जातं. हे मला वयाच्या ४९ व्या वर्षी कळलं. पाच वर्षं. त्या पाच वर्षांचं मी काय करू?

तुमच्याकडे माझं मागणं फार अवघड नाही. ऑपरेशन ठरवायच्या आधी बाईला कपडे नीट करून खुर्चीवर बसू द्या, तपासणीच्या टेबलावर नाही. प्रिस्क्रिप्शनच्या पाठीमागे आकृती काढा, वेडीवाकडी चालेल, आणि जे काढणार आहात त्यावर फुली मारा. तीन फुल्या असतील तर तीन मारा. अंडाशय हा शब्द वापरा, आम्ही शिकू. ‘कॅन्सर होईल’ म्हणताना कशावरून म्हणता तेही सांगा: तुकडा तपासला का, पॅप स्मिअर (गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी) केला का. थांबलं तर काय होईल हे सांगा. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर मात्र थांबायचं नाही, ताबडतोब यायचं, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगा, कारण बायका ते अंगावर काढतात. संमतीचा कागद मराठीत छापा आणि आदल्या दिवशी घरी न्यायला द्या. त्यातली रिकामी जागा सहीच्या आधी भरा. डिस्चार्ज कार्डावर मराठीत एक ओळ लिहा: काय काढलं, काय ठेवलं, आणि पुढे हाडांची तपासणी कधी करायची. ट्रे दाखवायचाच असेल तर मला विचारून दाखवा. महाराष्ट्रात २०२१ पासून शुश्रूषागृहांच्या नियमांत रुग्ण हक्क सनद भिंतीवर लावायची तरतूद आहे. अनेक ठिकाणी ती औषधांच्या जाहिरातीमागे लपलेली असते, तिला जरा उजेडात आणा.

वेळ नाही म्हणाल. गेल्या महिन्यात शेजारच्या वहिनींना घेऊन मी एका डॉक्टरांकडे गेले होते. वय ४६, अगदी माझीच तक्रार. डॉक्टरांनी वहिनींच्या नवऱ्याला आत बसवलं, पण बोलल्या वहिनींशीच. कागदावर आकृती काढली. म्हणाल्या, “ही पिशवी. हे दोघे अंडाशय, यांच्यामुळे हाडं आणि हृदय टिकतं, यांना मी कारण नसताना हात लावणार नाही. आधी तुकडा तपासू. तो चांगला आला तर गोळ्या घेऊन तीन महिने बघू, नाहीतर ते साधन बसवू. नाहीच जमलं तर ऑपरेशन आहेच, ते पळून जात नाही. तुम्हाला काय वाटतं?”

वहिनी गप्प बसल्या. त्यांना काय वाटतं हे दवाखान्यात त्यांना कधी कुणी विचारलं नव्हतं. मग म्हणाल्या, “तो कागद मला घरी नेऊ द्याल का?”

डॉक्टरांनी कागद फाडून दिला. मी भिंतीवरचं घड्याळ बघितलं. अकरा मिनिटं झाली होती.

आपली,
सातारा जिल्ह्यातली एक विज्ञान शिक्षिका